तेल संपेपर्यंत

क्लोव्हिसने टँकरची जाड नळी खांद्यावर घेतली, रेनालच्या पायऱ्यांसमोरून तो तसाच पुढे गेला आणि शेजारच्या दाराखालच्या तोटीला तिचं तोंड जोडलं. रेनाल फावड्याने बर्फ सारत होता, तो थांबला. आत तळघरातल्या टाकीत घर तापवायचं तेल पडायला लागलं तशी भिंतीतून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. टाकी भरली की ही शिट्टी थांबते. आज ती बराच वेळ थांबेना.

"टाकीला भोक पडलंय का बघ रे," रेनाल म्हणाला.

"मलाही तेच वाटायला लागलंय. मागच्या महिन्यातच भरून गेलो होतो." क्लोव्हिसने हातमोजे एकमेकांवर आपटले. "तुमच्या दारात मात्र शेवटचा कधी थांबलो ते आठवतसुद्धा नाही. आमच्या मालकांना तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं मिळाली तर धंदा बंद करावा लागेल."

रेनालला हेच ऐकायचं होतं. तो फावड्याच्या दांड्यावर रेलला.

शेजारचं दार उघडून जिल्बर्त बाहेर आली. अंगात एकावर एक दोन स्वेटर, डोक्यावर कानांपर्यंत ओढलेली लोकरीची टोपी. तिने क्लोव्हिसने पुढे केलेल्या कागदावर सही केली आणि टोपी आणखी खाली ओढली.

"काय गं, घरात केळी लावलीस की काय?" रेनालने विचारलं.

"संत्री," ती म्हणाली. "पिकली की धाडते दोन."

"इतक्या उबेत हाडं विरघळतील तुझी."

"माझी हाडं, माझं तेल. तू तुझ्या पायऱ्या साफ कर. पोस्टमन पडला तर तुझ्यावर दावा लावेल."

दार लागलं. क्लोव्हिस हसत हसत नळी गुंडाळायला लागला.

ते घर म्हणायला एक आणि दारं दोन. नदीकाठच्या लाकूड गिरणीत सुतारकाम करणाऱ्या बापाने दोन मुलींसाठी ते बांधलं होतं. मधोमध एक भिंत, अलीकडे धाकटी ओदील, पलीकडे थोरली जिल्बर्त. भिंत नुसती फळ्यांची होती. दोघी बहिणी चमच्याच्या मुठीने तिच्यावर टकटक करून एकमेकींना कॉफीला बोलवायच्या. जिल्बर्तचा नवरा फार पूर्वी गेला. ओदीलला जाऊन तीन हिवाळे झाले होते. आता भिंतीच्या एका बाजूला रेनाल होता आणि एका बाजूला त्याची मेहुणी, आणि टकटक कुणी करत नव्हतं. दोघांचं जे काही बोलणं व्हायचं ते असं पायऱ्यांवर, एकमेकांना चिमटे काढत.

ओदील गेल्यावर रेनालने तेल वाचवायचं मनावर घेतलं. हातात दुसरं काही उरलं नव्हतं, आणि पेन्शनही ओढाताणीची होती. पहिला बर्फ पडायच्या आत तो जंगलातून देवदाराच्या फांद्या तोडून आणी आणि घराच्या पायाभोवती त्यांचा बांध घाली. वरचा मजला त्याने बंदच करून टाकला. दारांच्या फटीत जुन्या कोटांच्या गुंडाळ्या ठेवल्या. थर्मोस्टॅटचा काटा इतका खाली आणला की आलेला माणूस कोट काढण्याआधी दोनदा विचार करायचा. आणि तरीही, हे विशेष, त्याच्या घरात बोचरी थंडी कधी नसे. निजायच्या खोलीत तर एक रजई पुरायची.

पुलाजवळच्या खानावळीत रविवारची प्रार्थना आटोपून मंडळी जमत. कुट्टूच्या पिठाची जाळीदार धिरडी आणि वर गुळचट मेपलचा पाक. तिथे रेनालला मान होता.

"घराला शिस्त लावावी लागते," तो धिरड्याचा घास पाकात बुडवत सांगे. "घर म्हणजे घोडा. एकदा लाड केलेत की रोज मागतं."

त्याचं ऐकून गिरणीतल्या जुन्या सोबत्याने, ओनेझिमने, आपला काटा खाली आणला. आठवड्यात त्याच्या न्हाणीघरातला पाइप गोठून फुटला.

"तू शिस्त मधेच मोडली असशील," रेनालने त्याला सुनावलं.

"मी काही मोडलं नाही. पाइप मोडला," ओनेझिम म्हणाला. सगळे हसले. पण रेनालच्या हिशेबातली चूक कुणालाच सापडली नाही, रेनाललाही नाही.

जानेवारीत एक दिवस पाऊस पडला आणि पडता पडताच गोठला. झाडं, तारा, गाड्या, सगळ्यावर काच चढल्यासारखी झाली. जिल्बर्त चर्चच्या पायऱ्यांवर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी तिची मुलगी लीझ बँगर शहराहून गाडी घेऊन आली.

रेनाल बाहेर आला तेव्हा जिल्बर्त गाडीत बसलेली होती, प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून. लीझने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली रेनालच्या हातात दिली.

"काका, मधून मधून जरा डोकावाल का? थर्मोस्टॅट अगदी खाली करून ठेवलाय, पाइप गोठणार नाहीत इतपत." तिने गाडीकडे बघून आवाज खाली आणला. "तिची तेलाची बिलं तुम्ही पाहिलीत कधी? एकटी बाई, आणि दोन बिऱ्हाडांचं तेल जाळते."

"मी सांगून थकलो. ऐकते कुठे ती माझं?"

"तुम्ही बघा, तुमचं किती कमीत भागतं. तिला नाही जमत. हे असं चालायचं नाही, काका. पैसा पुरत नाही आणि मी काही म्हटलं की तिला राग येतो." लीझने हातमोज्याने नाक पुसलं. "मी आता तिला परत पाठवणार नाहीये. माझ्याकडे खोली आहे. बर्फ वितळला की घर विकायला काढू. तिला अजून बोलले नाही, तुम्हीही बोलू नका."

रेनालने मान डोलावली. बरोबरच होतं तिचं म्हणणं. त्याने स्वतः हेच सांगितलं असतं.

गाडी सुरू झाली तशी जिल्बर्तने काच खाली केली.

"रेनाल, थंडी वाढली तर," ती म्हणाली, आणि थांबली.

"वाढली तर काय?"

ती क्षणभर घराकडे बघत राहिली.

"तर कोट घाल," ती म्हणाली, आणि काच वर गेली.

थंडी वाढली. उत्तरेकडून, नदीपलीकडच्या कॅनडातून कोरडा वारा यायला लागला आणि आभाळ स्वच्छ निळं झालं. रेनालला पहिल्यांदा कळलं ते सकाळी दाढी करताना. पाणी गरम होतं, पण वस्तरा धरणारी बोटं आखडलेली होती. रात्री एका रजईवर दुसरी आली, मग ओदीलने शिवलेली गोधडीही आली. तळघरातला बॉयलर आता घटकाभरही गप्प बसेना. रेनाल खाली गेला, ज्योत पाहिली, पंप पाहिला, गाळणी काढून धुतली. कुठे काही बिघाड नव्हता. टाकीवरच्या काचेच्या नळीतला, तेल किती उरलं ते दाखवणारा लाल खुंट मात्र रोज खाली उतरत होता.

त्याने दारांखालच्या गुंडाळ्या पुन्हा घट्ट केल्या. बाहेर जाऊन फांद्यांचा बांध तपासला, कुठे कोल्ह्याने उकरला की काय म्हणून. बांध जागच्या जागी होता. रविवारी खानावळीत तो अंगातला कोट न काढताच बसला.

"काय, शिस्त बिघडली?" ओनेझिमने विचारलं.

"हवा वाईट आहे," रेनाल म्हणाला, आणि धिरडं अर्धवट टाकून उठला.

त्या दुपारी लीझचा फोन आला. थंडी फार वाढलीय म्हणतात, आईकडचे पाइप बघाल का? रेनालने किल्ली घेतली.

जिल्बर्तच्या घरात तो ओदील गेल्यापासून आला नव्हता. स्वयंपाकघरात तोंडातून वाफ येत होती. त्याने मोरीचा नळ सोडला. पाणी बारीक धारेने, पण आलं. मग तो एकेक खोलीतले, बॉयलरच्या पाण्याने तापणारे रेडिएटर बघत गेला. स्वयंपाकघरामागची छोटी खोली त्याला अडगळीची म्हणून माहीत होती. दार उघडलं तर आत पलंग होता. पलंगावर चार रजया, उशाशी लोकरीचे मोजे, पाण्याचा पेला, जपमाळ. रेडिएटरचा नळ त्याने चाचपून पाहिला. तो घट्ट बंद केलेला होता, आणि आजचा नव्हे. चाकावर धूळ साचली होती. बाहेरच्या अंगाच्या बाकी दोन खोल्यांतही तसंच. सगळे नळ बंद.

मग एवढं तेल ती जाळत कुठे होती?

तो पुढच्या मोठ्या खोलीत गेला. ही जिल्बर्त आणि तिच्या नवऱ्याची निजायची खोली. भिंतीच्या पलीकडे नेमकी त्याची. आत काही नव्हतं. म्हणजे होतं ते सगळं खोलीच्या मधोमध ओढून ठेवलेलं होतं. बापाने केलेलं ओकचं भलंमोठं कपाट, जे आयुष्यभर मधल्या भिंतीला पाठ लावून उभं होतं, ते आता दारासमोर वेड्यासारखं उभं होतं, आणि फरशीवर ते ओढल्याचे दोन पांढरे चरे होते. भिंतीवर कपाटाच्या आकाराचा स्वच्छ चौकोन. भिंतीवरचा गालिचाही काढून गुंडाळून ठेवलेला. आणि त्या उघड्या भिंतीखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लांबलचक रेडिएटर. त्याचं चाक रेनालने फिरवून पाहिलं. ते पूर्ण उघडं होतं, आणखी उघडायला जागाच नव्हती.

रेनाल कपाटाच्या कडेला टेकला.

शेवटच्या हिवाळ्यात ओदीलला सतत थंडी वाजायची. औषधांनी रक्त पाणी झालंय असं डॉक्टर म्हणाले होते. तिने पलंग मधल्या भिंतीशी सरकवायला लावला होता. संध्याकाळी तो आत येई तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून, तळहात फळ्यांवर टेकवून पडलेली असे. "बघ ना, भिंत कशी उबदार आहे," ती म्हणे. एकदा नाही, खूपदा. आणि तो म्हणे, "हो गं," आणि पांघरूण नीट करी, कारण आजारी माणसाला काहीही वाटतं. त्याने स्वतः कधी हात लावून पाहिला नव्हता.

त्याने आता लावला. भिंत नदीवरच्या बर्फासारखी गार होती.

ओदील गेली. कपाट परत जागेवर गेलं नाही. ते एकट्या बाईला हलवता आलं नाही असं म्हणावं, तर ओढून इथवर आणणारीही तीच एकटी होती. आणि चाक बंद करायला तर काही जोर लागत नाही.

 तो उठून छोट्या खोलीत गेला, रेडिएटरच्या चाकावरची धूळ बाहीने पुसली आणि चाक उघडलं. ते अडकलं होतं; पान्हा आणावा लागला.

दुसऱ्या दिवशी क्लोव्हिसचा टँकर रस्त्यावरून जात होता. रेनालने मधोमध उभं राहून हात केला.

"तुमची टाकी संपली?" क्लोव्हिसने डोळे विस्फारले.

"माझी नाही. तिची भर."

"जिल्बर्तमावशींची? पण लीझताईंचा फोन आला होता ऑफिसात. आता देऊ नका म्हणाल्या, घर बंद करतायत."

"माझ्या नावावर लाव."

"किती?"

"शिट्टी थांबेपर्यंत."

क्लोव्हिसने त्याच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा अगदी त्याच्या ओठांवर आली होती, पण त्याने केली नाही. नळी खांद्यावर घेतली आणि गेला. तेलाला जाणाऱ्या त्या पैशांतून रेनाल नावेसाठी नवी मोटर घेणार होता. तीन हिवाळ्यांची बचत होती ती. पाइप फुटले तर घराची नासाडी होईल, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि तेही काही खोटं नव्हतं.

फेब्रुवारी सरता सरता मायलेकी आल्या. लीझच्या गाडीत मागे घडी केलेली पुठ्ठ्याची खोकी होती. म्हणजे तिने आईला सांगितलं होतं. जिल्बर्तचं प्लॅस्टर निघालं होतं, पण हात ती छातीशी धरून चालत होती, आणि रेनालच्या नजरेला नजर देत नव्हती. त्याने दार उघडून धरलं.

ती उंबऱ्याच्या आत आली आणि थांबली. मग तिने टोपी काढली.

"आई, घर गरम आहे," लीझ म्हणाली. "मी तर काटा अगदी खाली..." ती तळघराच्या पायऱ्या उतरून गेली आणि तशीच वर आली. "टाकी भरलेली आहे! जवळजवळ काठोकाठ. मी फोन करून नको सांगितलं होतं त्या लोकांना. हे कुणी केलं?"

रेनाल पायपुसण्यावर बूट पुसत राहिला. पुसण्यासारखं काही नव्हतं.

जिल्बर्त आत गेली. स्वयंपाकघर, मग छोटी खोली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला.

"इथला नळ कुणी उघडला?"

"मी," रेनाल म्हणाला.

"इथे नाही लागत."

"आता लागेल."

 लीझ एकदा दाराकडे, एकदा काकाकडे बघत राहिली. मग जिल्बर्त बाहेर आली, आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसली. कोट तिने काढला होता.

"लीझ, ते तेल परत घेतात का गं?"

"भरलेलं तेल? नाही घेत, आई."

"मग ते इथे टाकून जायचं? एवढं? पुढचा कोण येईल त्याच्यासाठी?" तिने मोडलेल्या मनगटावर दुसरा हात ठेवला. "तूच म्हणतेस ना, मी उधळपट्टी करते. नाही करत. ते संपेपर्यंत राहते. संपलं की येते."

"आई..."

"संपलं की येते म्हटलं ना."

लीझने काकाकडे पाहिलं. रेनालचं लक्ष खिडकीबाहेर होतं. तिने कपाळ चोळलं, आणि मग तिला थोडं हसू आलं, आवरता न येणारं. "काका, निदान कसं पुरवायचं ते तरी शिकवा तिला," ती म्हणाली. संध्याकाळी खोकी न उलगडताच ती परत गेली.

तिच्या गाडीचा आवाज पुलापलीकडे गेला तशी जिल्बर्त उठली.

"शिकव," ती म्हणाली.

"काय?"

"गावाला शिकवत फिरतोस ते. ही टाकी मला पुरवायचीय. जितकी पुरेल तितकी."

रेनालने फडताळातून मेणबत्ती काढली आणि पेटवून तिच्या चांगल्या हातात दिली. ती ज्योत खिडक्यांच्या कडेकडेने फिरवत गेली आणि जिथे ज्योत वाकली तिथे तो लोकरीचे तुकडे ठासत गेला. स्वयंपाकघर झालं, छोटी खोली झाली. मोठ्या खोलीत कपाट वाटेतच होतं. दोघं त्याला वळसा घालून गेली. 

"हे हलवायचं का?" रेनालने विचारलं.

"कशाला? मला सवय झालीय." ती ज्योत खिडकीशी नेत म्हणाली. "तुझं ते ड्रॉवरचं कपाट आहे ना भिंतीला?"

"ते मी काढलं," रेनाल म्हणाला. "मागच्याच आठवड्यात."

तिने मान डोलावली, आणि खिडकीचा वरचा कोपरा दाखवला. तिथे ज्योत वाकत होती.

मे महिन्यात नदी मोकळी झाली. काठच्या ओलीत नेच्याच्या कोवळ्या हिरव्या गुंडाळ्या वर आल्या आणि रेनालने जुन्याच मोटरच्या नावेतून जाऊन भाजीसाठी दोन पिशव्या भरून आणल्या. दोघं मागच्या पायऱ्यांवर उन्हात बसून त्यांच्यावरचा तपकिरी पापुद्रा चोळून काढत होती. दोन्ही बॉयलर कधीचे बंद केलेले होते. आत फोन वाजला, जिल्बर्त एप्रनला हात पुसत गेली. खिडकी उघडी होती.

"हो, बरी आहे गं. हात? हात चांगला आहे." मग जरा वेळ नुसतं ऐकणं. "तेल ना? थांब हं, बघून येते."

ती तळघरात गेली नाही. फोन हातात धरून खिडकीत उभी राहिली, बाहेर नदीकडे बघत, कुणी तळघरात जाऊन यावं इतका वेळ.

"आहे गं अजून थोडं," ती म्हणाली.

मग ती बाहेर येऊन पायरीवर बसली आणि तिने टोपली पुढे ओढली.

"काय म्हणाली?" रेनालने विचारलं.

"काय म्हणणार? विचारत होती." तिने त्याच्या ढिगातली एक गुंडाळी उचलून पाहिली. "देठ किती लांब ठेवतोस रे. नीट तोड."